नालाची पाटी

हे लिहायचं मी वीस-बावीस वर्षं टाळलं. आता टाळणार नाही. पैलवानांविषयीचं खरं माझ्याखेरीज कोणाला ठाऊक नाही.

कोल्हापुरातल्या आमच्या लहानशा संग्रहालयात मी प्रमुख होतो आणि ते दालनातले पहारेकरी. मोडलेले कान, जाड मान, आवाज रस्त्यापर्यंत जाणारा. कोणी थेट पाटी वाचायला लागलं की आडवे येत. "पावणं, पाटी मागनं वाचा. आधी वस्तू बघा की." जोतिबाहून परतलेल्या मंडळींना दारातच गुलाल झटकायला लावत.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला कसबा बावड्याच्या एका शेतातून जड दगड आला. मधे पोकळ, आत आडवी मूठ कोरलेली. 'जनावरे बांधण्याचा दगड' अशी पाटी मी लावली. पैलवानांनी मला बाजूला घेतलं. "सायब, ह्यो तालमीतला नाल हाय. उचलून ताकद कमवायचा. दाव्यानं दगडाला खाच पडती, तळहातानं झिलई येती. हात लावून बघा."

मी हात लावला नाही. माझ्याकडे पदवी होती.

ते मात्र येईल त्याला नाल म्हणूनच दाखवत. एकदा तपासणीला वरिष्ठ आले, त्यांनी पाटी मोठ्याने वाचली आणि पैलवान सगळ्यांदेखत म्हणाले, "पाटी चुकलीया, सायब." दुसऱ्याच दिवशी मी अहवाल धाडला : हे प्रेक्षकांना चुकीची माहिती देतात. त्यांना दालनातून काढून सायकलस्टँडवर बसवलं. हुकूम वरून आलाय, असं मी त्यांना सांगितलं. निवृत्तीपर्यंत ते उन्हात सायकली राखत राहिले आणि मला रोज नमस्कार करत राहिले.

पुढे एका जुन्या तालमीने फोटो भेट दिले. त्यांतल्या एकात लंगोट लावलेला गडी अगदी तसाच दगड मुठीत धरून डोक्यावर तोलत होता. मी दालनात जाऊन पहिल्यांदा त्या मुठीवरून हात फिरवला. गुळगुळीत होती. सोमवारी, संग्रहालय बंद असताना, मी गुपचूप पाटी बदलली.

मग सगळं सांगायचं ठरवून त्यांच्या घरी गेलो. ते अंथरुणाला खिळले होते. मला पाहून उठून बसले.

"पाटी बदलली म्हनं. कुणी बदलली?"

"कार्यालयानं," मी म्हणालो.

"म्हंजे कार्यालयात शाणी माणसं हाइत की." हसले, सुनेला माझ्यासाठी दूध आणायला सांगितलं. मी ते प्यायलो आणि निघालो. महिन्याभरात ते गेले.

पैलवान, ती पाटी माझी चूक होती. तुम्हाला दालनाबाहेर काढणारा अहवालही मीच लिहिला होता. मला माफ करा, एवढंच त्या दिवशी म्हणायला आलो होतो.