केळीच्या सावलीत झोपलेली आत्या

मी जळगावला राहते आणि चित्रं काढते. मध्यंतरी माझं काम अडलं होतं. तापीचा घाट, सातपुड्याचे डोंगर, बैलगाडी अशी लोकांच्या बैठकीत शोभणारी चित्रं हात सवयीनं काढत होता, पण मलाच ती बघावीशी वाटत नव्हती.

अशात शिरपूरजवळच्या खेड्यात राहणारी माझी आत्या पडली आणि तिचा हात मोडला. तिच्या मदतीला म्हणून मी चोपड्यावरून जाणारी एसटी धरली. रंग मुद्दामच घरी ठेवले.

आत्याला रिकामी बसलेली मी कधी पाहिली नव्हती. प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून ती मला घेऊन केळीच्या बागेत निघालीच. दुपारी आम्ही तिथेच कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला. बोलता बोलता तिचा डोळा लागला. वारा पडलेला होता, एक पान हलत नव्हतं. मी तिच्याकडे बघत बसले, आणि हळूहळू जाणवलं, आत्या हिरवी दिसतेय. पानांतून गाळून आलेलं ऊन तिच्या कपाळावर, हनुवटीखाली, पांढऱ्या प्लॅस्टरवर पसरलं होतं. तिचा चेहरा इतका सैल मी कधी बघितला नव्हता. तिला उठवावंसं वाटेना.

जळगावला परतल्यावर तेच काढायला घेतलं. पहिल्यांदा थेट हिरवाच रंग लावला, तर आत्या सोंग घेतल्यासारखी दिसली. ते चित्र बाजूला ठेवलं. मग आधी तिचा सावळा रंग नीट लावला, वाळू दिला आणि त्यावर हिरव्याचा अगदी पातळ हात फिरवला. तेव्हा कुठे ऊन आत आलं.

पुढे एका लग्नासाठी आत्या जळगावला आली. चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली.

"हाई मीच शे ना?"

"तूच."

"मंग इतली हिरवी काब्रं?"

"का म्हणजे? दिसत होतीस तशी."

ती आणखी जवळ गेली. "कशी निवांत जपेल शे मी," ती म्हणाली. झोपलेल्या स्वतःला ती पहिल्यांदाच बघत होती.

गावी जाऊन तिनं हे शेजारणींना सांगितलं. आता मी गेले की बागेत काम करणाऱ्या बाया जेवण झाल्यावर माझ्यासमोर खुशाल आडव्या होतात. त्यांची चित्रं काढण्यात माझी वर्षं छान चालली आहेत.