भिंतीकडे तोंड केलेला टीव्ही

चॅनलकाकांना वॉर्डात कुणी खऱ्या नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. ते माझ्याहून चारच वर्षांनी मोठे. पण गळ्यात ओळखपत्र, खिशात पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर, आणि चेहऱ्यावर कायम कुणाच्या तरी टीव्हीची काळजी, त्यामुळे आल्याच्या तिसऱ्या दिवशीच ते सगळ्यांचे काका झाले. मी तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या पुरुषांच्या वॉर्डात सिस्टर होते. बावीस खाटा, आणि प्रत्येक खाटेच्या डोक्याशी लोखंडी दांड्यावर बसवलेला एक छोटा टीव्ही.

हे टीव्ही हॉस्पिटलचे नव्हते, एका कंपनीचे होते. त्याआधी वॉर्डाच्या टोकाला भिंतीवर एकच मोठा टीव्ही असायचा. बातम्या की मॅच, यावरून रोज जुंपायची. पायाला प्लास्टर असलेली माणसंसुद्धा भांडायला उठून बसायची. पण तो फुकट होता. कंपनी आली आणि हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी तो काढून नेला. हॉस्पिटलचा छदामही खर्च न होता बावीस टीव्ही मिळाले म्हणून साहेब खूश. पेशंटने कार्ड विकत घ्यायचं, टीव्हीच्या फटीत घालायचं, तेवढे तास टीव्ही बघायचा.

कार्ड संपलं की मात्र टीव्ही बंद व्हायचा नाही, खरी मेख इथेच होती. कंपनीची जाहिरात सुरू व्हायची. एक हसरी बाई उशीला टेकून म्हणायची, कंटाळा आलाय? कार्ड घ्या. सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत, दर मिनिटाला. तिचा आवाज कमी करता यायचा, तिला घालवता यायचं नाही. ज्याला मान वळवता येत नाही त्याने तिच्याकडे बघत पडून राहायचं. ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याला मी हातपाय बांधून एक आठवडा त्या खाटेवर झोपवलं असतं.

काकांचं पूर्वी टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. लोक टीव्ही दुरुस्त करायचं सोडून नवाच आणू लागले, दुकान बसलं, आणि पन्नाशीला आलेल्या काकांनी ही नोकरी धरली. कार्ड विकायची, अडकलेली कार्ड काढायची, दांड्याच्या सांध्यांना तेल द्यायचं. त्यांच्याकडे कंपनीने दिलेलं तपासणीचं एक कार्ड असायचं. दुरुस्तीनंतर टीव्ही नीट लागतो की नाही ते बघण्यासाठी. ते दहा मिनिटं चालायचं. ज्याला कार्ड परवडत नाही, त्याच्या टीव्हीत काका रोज काहीतरी बिघाड शोधून काढत. एका म्हाताऱ्या शिंप्याचा टीव्ही तर बरोबर संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळेलाच बिघडायचा. फार नाजूक मॉडेल आहे, असं काका मला गंभीर चेहऱ्याने सांगायचे.

दहा मिनिटं संपली की ती बाई परत हजर. मग काका दांड्याला एक हिसका देऊन टीव्हीचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवत. त्यातूनच आमच्या वॉर्डात एक पद्धत पडली. ज्याला झोपायचंय तो काकांना टीव्ही फिरवायला सांगे. आणि काकांनी आम्हा सगळ्या सिस्टरना बजावून ठेवलं होतं, की टीव्ही भिंतीकडे असला म्हणजे माणूस झोपलाय, त्याला हाक मारायची नाही. त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. हॉस्पिटलात ताप बघायला उठवतात, गोळी द्यायला उठवतात, आणि झोप लागली का हे विचारायलाही उठवतात. आम्हाला ते पटलं. पुढे पुढे नवीन आलेली सिस्टरसुद्धा दोन दिवसांत ते शिकायची. लांबून टीव्हीची पाठ दिसली की आमचे पाय आपोआप हळू पडायचे.

मग दादा आले. दादा म्हणजे काकांचे थोरले भाऊ. वडील लवकर गेल्यावर यांनी ट्रक चालवून धाकट्याला वाढवलं, शिकवलं, दुकान थाटून दिलं. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्यांना सतरा नंबरची खाट मिळाली. डॉक्टर म्हणाले, पुढचे दोन-तीन आठवडे महत्त्वाचे आहेत, आवडीचं काही बघू दे, ऐकू दे, शब्द परत येतीलही. दादांची आवड म्हणजे हवामानाच्या बातम्या. आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस, पुढच्या रस्त्यावर पाऊस आहे की धुकं, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. नकाशा दिसला की त्यांचा डावा हात चादरीवर फिरू लागायचा. नवव्या दिवशी ते "धुकं" म्हणाले. फार स्पष्ट नाही, पण मी आणि काका, दोघांनीही ऐकलं. काका लगेच तोंड धुवायला निघून गेले आणि बऱ्याच वेळाने आले.

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, या एका खाटेचा टीव्ही तरी औषध म्हणून चालू ठेवा. साहेबांनी कानावर हात ठेवले. हॉस्पिटल उपचार देतं, करमणूक नाही, असं त्यांचं उत्तर होतं. मी तोंडाला कुलूप घालून परत आले, पण आतून नुसती जळत होते.

काका रोज पदरमोड करून दादांसाठी कार्ड घेत. तपासणीचं कार्ड त्यांनी दादांच्या टीव्हीत एकदाही घातलं नाही. जगाला फुकट दाखवता आणि सख्ख्या भावाला विकत का, असं मी त्यांना एकदा सरळ विचारलं.

"तो शिंपी माझा कुणी लागत नाही, सिस्टर," ते म्हणाले. "दादासाठी वापरलं तर ती चोरी झाली."

त्यातच कंपनीचं पत्र आलं. एकाच वॉर्डात एवढ्या तपासण्या कशा होतात, याचा खुलासा करा, पुन्हा असं दिसलं तर कामावरून कमी करू. काकांनी पत्राची घडी करून ती खिशात ठेवली आणि त्या दिवसापासून शिंप्याचा टीव्ही बिघडायचा थांबला.

त्यानंतर चारच दिवसांनी दुपारी बारा वाजता दादांचं कार्ड संपलं. पडद्यावर ती बाई आली. दादा डावा हात गादीवर आपटू लागले. काका शेजारीच होते. त्यांचा हात तपासणीच्या कार्डासाठी खिशाकडे गेलेला मी पाहिला. तिथे ते पत्रही असणार. हात तसाच रिकामा बाहेर आला आणि काकांनी टीव्ही भिंतीकडे फिरवला. पगार चार वाजता हातात पडणार होता. पाचला नवीन कार्ड घेऊन येतो, असं दादांच्या कानाशी सांगून ते वरच्या मजल्यावर कामाला गेले.

दोन वाजता मी ताप बघत फिरत होते. सतराजवळ आले, टीव्हीची पाठ दिसली. मी तक्त्यावर 'झोपले आहेत' असं लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. साडेतीनला पुन्हा गेले आणि पुन्हा तेच लिहिलं. बारा वाजता तो टीव्ही कशासाठी फिरवला होता, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी माझ्या डोक्यात आलं नाही. वाकून एकदा चेहरा बघायचा होता, एवढंच तर काम होतं.

पाचला काका आले. त्यांनी टीव्ही सरळ केला, कार्ड घातलं, हवामानाचा नकाशा लागला, आणि मग हसून दादांकडे वळले. दादांचे डोळे उघडे होते. तोंडातून लाळ गळून उशी भिजली होती, आणि डावा हातही आता लाकडासारखा पडला होता. दुसरा झटका येऊन तीन तास तरी झाले असावेत, असं डॉक्टर म्हणाले. लवकर कळलं असतं तर, असं म्हणून त्यांनी पुढचं बोलणं सोडून दिलं. दोन दिवसांनी दादा गेले.

चौकशी झाली. टीव्ही कुणी फिरवला, असं साहेबांनी विचारलं. काका म्हणाले, मी. तक्त्यावर सही कुणाची आहे, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. नोकरी जाईल म्हणून मी गप्प बसले, दुसरं काही कारण नव्हतं. पुढच्या महिन्यात कंपनीने काकांना काढलं. तेही दादांमुळे नाही, शिंप्याच्या त्या जुन्या दहा-दहा मिनिटांचा हिशोब काढून.

गेल्या वर्षी माझं खुब्याचं हाड मोडलं आणि त्याच हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर मी पेशंट म्हणून आडवी झाले. टीव्ही नवीन होते, जाहिरातीतली बाईही नवीन होती, तिचं बोलणं मात्र तेच. कुणाकडून तरी कळलं म्हणून काका भेटायला आले. आता काठी टेकत चालतात. स्टुलावर बसले, मी कार्ड घेतलेलं नाही हे त्यांनी पाहिलं, आणि जुन्या सवयीने त्यांचा हात टीव्हीकडे गेला. तो अर्ध्यातच थांबला.

इतकी वर्षं जे जिभेवर आलं नव्हतं, ते मी तेव्हा बोलून टाकलं.

"काका, त्या दुपारी मी दोनदा सतरावरून गेले. दोन्ही वेळा बघितलं नाही."

काका जाहिरातीकडे बघत राहिले.

"माहीत आहे. तक्ता मी त्याच दिवशी वाचला होता. तुमचं अक्षर ओळखतो मी."

"मग चौकशीत का नाही बोललात?"

"काय बोलणार? हाक मारू नका, असं मीच तर शिकवलं होतं तुम्हाला."

मला रडू आवरेना. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा ते उठले, दोन्ही हातांनी टीव्हीचा दांडा धरला, आणि सांधा कुरकुरला तरी जोर लावून तो माझ्याकडे आणखी ओढला. ती बाई अगदी माझ्या तोंडासमोर आली.

"असाच राहू दे," ते म्हणाले. "त्रास होईल. पण येता-जाता तुमच्याकडे कुणीतरी बघेल."

मग ते काठी टेकत गेले, आणि मी त्या बाईकडे बघत पडून राहिले.