घोडनदीचे एकोणीस मासे

शेख सर गेल्याचा त्यांच्या सुनेचा फोन आला, तेव्हा मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत होते. मला रडू आलं नाही, आधी रागच आला. आमचं भांडण अर्ध्यावर टाकून हा माणूस गेलाच कसा?

सर मूळचे केंदूरचे. आमच्या शिरूरच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे. शिक्षण, विज्ञान आणि संस्कृतीतून जगात शांतता नांदावी म्हणून काम करणारी एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिचं विद्यार्थी मंडळ सरांनी नव्वदच्या दशकात शाळेत काढलं. माणसं आडनाव ऐकून अंतर ठेवू लागली होती, तेव्हा सर सगळ्या घरांतली पोरं घेऊन घोडनदीवर भोयांकडे जायचे. जाळी ओढणाऱ्या त्या म्हाताऱ्यांना विचारून पोरांनी नदीतल्या एकोणीस माशांची नावं लिहून आणली.

मंडळाचा वार्षिक अहवाल इंग्रजीत हवा, नाहीतर मान्यता जाईल, असं संघटनेचं पत्र आलं. सरांनी मराठीतच लिहिला. मुख्याध्यापक चिडले, तर सर म्हणाले, "संस्कृती जपायला निघालेत न्हवं? मग आमचं वाचायला माणूस ठेवतील की!"

मी इंग्रजीची शिक्षिका. मंडळ टिकावं म्हणून मी सरांच्या नकळत भाषांतर करून पाठवलं. कौतुकाचं पत्र आलं. मी फुशारकीनं माझी प्रत सरांपुढे ठेवली.

"बाई, एकोणीस मासे व्हते. कुठं गेले?"

मी 'अनेक स्थानिक मासे' एवढंच लिहिलं होतं... "सर, इंग्रजीत त्यांना नावंच सापडेनात."

"मग भोई म्हणतात तेच लिवायचं. शिकतील की ते! दरवेळी आपणच का शिकायचं?"

पुढच्या वर्षी अहवाल पुन्हा मराठीत गेला आणि मान्यता गेली. सर निवृत्त झाले, तरी दर शनिवारी मंडळ भरत राहिलं आणि दरवर्षी मराठी अहवाल संघटनेला जात राहिला. "मान्यता त्यांची गेली, आपली न्हाई," म्हणायचे. मला चहा पाजायचे, थट्टा करायचे, पण अहवालाला पुन्हा कधी हात लावू दिला नाही. ते मला फार लागायचं.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर सुनेनं मंडळाची फाइल माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "अब्बा सांगून गेले, बाईंना द्या."

यंदाचा अहवाल कोरा होता. परवाच्या शनिवारी मी तो लिहायला बसले. मरळ, वाम, शिंगटा, आंबळी... त्यातले काही आता भोयांनाही मिळत नाहीत, तरी एकोणीसच्या एकोणीस लिहिले. इंग्रजी प्रत जोडली नाही. संघटनेचा पत्ता घातलेलं पाकीट मी स्वतः पोस्टात टाकून आले.