लाल पेन आणि सव्वा अकरा

खणात लाल पेन दिसलं की आमच्या रक्तपेढीतला तो दिवस आठवतो. रक्तदात्यांची यादी रजिस्टरातून नुकतीच क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये गेली होती. नोंदी माझ्याकडे, प्रोग्राम एका तरुण मुलीकडे, आणि सांभाळ दूर कुठेतरी, कधी न दिसणाऱ्या माणसांकडे. गाव सोडून गेलेल्या दात्याच्या नावावर मी रजिस्टरात लाल रेघ मारायची. तरी खालचं नाव वाचता यायचं. त्याच सवयीने, असंच एक नाव काढायला, सगळी यादी निवडली गेलीय हे न बघता, मी ‘काढा’ दाबलं आणि पडदा कोरा झाला. तेवढ्यात रांझीच्या दवाखान्यातून फोन आला, बाळंतिणीला ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. मी त्या प्रोग्रामवाल्या मुलीला हाक मारली. "काकू, घाबरून काहून राहिल्या? किती वाजता पुसलं तेवढं सांगा," मुलगी म्हणाली. "सव्वा अकराला." "अच्छा, मग अकरा दहाची यादी मागवते. तिकडे मिनिटामिनिटाची यादी जपलेली असते." वीस मिनिटांत अकरा दहाची यादी जशीच्या तशी समोर आली, अकराला मी भरलेलं शेवटचं नावसुद्धा त्यात होतं. त्यातल्या ओ निगेटिव्ह दात्याला फोन लावला, तो "निघालोच" म्हणाला. गेलेली घटका अशी परत आलेली मी दुसऱ्यांदा पाहिली नाही. पेन ठेवलंय, पण काही पुसायच्या आधी अजूनही घड्याळ बघते.