फोडणीचा आवाज आणि मागचं दार

तुम्ही दोघा नातवंडांनी फोनवर विचारलंत की रोजच्या जेवणाला चव आणणारं, चटकन होणारं काही सांग. बाटलीतल्या सॉसचा कंटाळा आला आहे. सांगते, क्रमानं सांगते.

दाण्याचं कूट नेहमी करून ठेवा. घट्ट दह्यात कूट, मीठ, चिमूटभर साखर आणि ठेचलेली मिरची घातली की भाकरीबरोबर खायला चटणी तयार. काकडीची कोशिंबीर करायची तर काकडी बारीक चोचवून तिचं पाणी हलक्या हातानं पिळून काढा. कूट आणि लिंबू आधी, मीठ फोडणीच्या अगदी आधी. मग फोडणी. तेल चांगलं तापू द्या, मोहरी तडतडली की हिंग आणि मिरचीचे तुकडे टाका आणि ती तशीच कोशिंबिरीवर ओता. ओतल्यावर लगेच कालवू नका. क्षणभर थांबा.

का थांबायचं, असं तुमच्या आईनंही मला एकदा विचारलं होतं. तेव्हा मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. चवीशी त्याचा काही संबंध नाही.

आमचं घर नगरला होतं. स्वयंपाकघराचं दार मागच्या अंगणात उघडायचं. आई, वडील, वडिलांची मोठी विधवा बहीण, म्हणजे आमची आत्या, दादा आणि मी, एवढी आमची माणसं. दादाला जेवायला कधी हाक मारावी लागली नाही. तो अंगणात सायकल उलटी करून बसलेला असायचा. आई चुलीवरून फोडणीची पळी उचलायची, कोशिंबिरीवर ओतायची, चर्र आवाज व्हायचा आणि त्यापाठोपाठ दादा दारात. हात काळे, तोंडात एकच वाक्य, ‘माझ्या वाटणीची फोडणी कुणी खाल्ली?’ आई म्हणायची, आधी हात धू, नाहीतर पळीच चाटायला देईन.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झाल्यावर तो फौजेत कारकून म्हणून गेला आणि त्याला मलायात पाठवलं. सुरुवातीला पत्रं येत. मग ती थांबली. वडिलांनी फौजेच्या कचेरीत खेटे घातले, तेव्हा एवढंच कळलं की त्याचा ठावठिकाणा लागत नाही.

आत्यानं थोडे महिने वाट पाहिली आणि मग सुतकाचा विषय काढला. सुतकात फोडणी करत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक नसेल. तेल तापवायचं नाही, हळद नाही, सगळं अळणी-फिकं खायचं. शेजारीपाजारी आवाजावरून आणि वासावरून ओळखतात. आत्या म्हणाली, ‘पोराचा पत्ता नाही आणि आपल्या घरात रोज चर्र वाजतंय. त्याच्या जिवाला शांती नको का, वहिनी?’

आई काकडी चोचवत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, ‘वन्सं, तो गेलेला नाही. जेवायला आला नाही, एवढंच.’

त्या दिवसापासून फोडणी ही आमच्या घरात साधी गोष्ट राहिली नाही. काकडी नसली तर मुळा, मुळा नसला तर नुसता कच्चा कांदा. पण दुपारी पळी तापायचीच. आई आधी मागच्या दाराची कडी काढायची. मग पळी ओतायची आणि आवाज विरेपर्यंत दाराकडे बघत राहायची. हळूहळू आम्हीही बघायला लागलो. वडील पाट असा मांडून बसत की दार समोर यावं. एकदा वाऱ्यानं ते करकरलं, तर त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. आत्या तोंडानं काही पुटपुटायची, पण नजर तिचीही तिकडेच. दारात मांजर असायचं, नाहीतर ऊन. मग आई कोशिंबीर कालवून वाढायची.

लढाई संपली. कैदेत पडलेली माणसं परत यायला लागली, आणि आई दुपारी दोन काकड्या जास्त घ्यायला लागली.

एका दुपारी पुढच्या दाराशी एक माणूस आला. जामखेडकडचा, अंगावर सैल झालेला फौजी सदरा. दादाबरोबर कैदेत होतो म्हणाला. वडिलांनी त्याला हाताला धरून आत आणलं. पुढचं कुणी विचारेना. आई म्हणाली, आधी जेवा. तिनं त्याला भात वाढला, कोशिंबीर केली, कडी काढली आणि पळी ओतली.

चर्र आवाज झाला आणि त्या माणसाचा हात ताटातच थांबला. 

मग त्यानं सांगितलं. कैदेत नुसता भात मिळे, तोही मूठभर. दादा हाताची पळी करायचा, एकेकाच्या भातावर धरायचा आणि तोंडानं फोडणीचा आवाज काढायचा. सगळे हसायचे आणि जेवायचे. कुणी जास्त मागितली तर दादा म्हणे, तेल महाग आहे.

‘लई दिस असं चाललं हुतं, माय,’ तो म्हणाला.

आईनं विचारलं, ‘मग?’

‘मग त्यो तापानं पडला. पडल्या पडल्याबी हात उचलायचा. येक दिस आवाज आला न्हाई.’

आई उठली. मागच्या दाराशी गेली आणि तिनं कडी लावली. परत येऊन त्या माणसाला आग्रह करून पुन्हा भात वाढला. तो निघून गेल्यावर आत्याला म्हणाली, ‘वन्सं, उद्यापासून फोडणी नको.’ इतकी वर्षं हेच म्हणणारी आत्या भिंतीकडे तोंड करून बसली.

सुतकाचे दिवस आम्ही दह्यात कूट कालवून काढले. तुम्हाला आधी सांगितली ती हीच चटणी, फक्त मीठ-मिरचीशिवाय. घर इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं.

सुतक फिटल्यावर आईला पळी हातात घेववेना. शेवटी आत्या चुलीपुढे बसली. तिनं करडईचं तेल तापवलं, मोहरी टाकली. आणि ओतण्याआधी पळी तशीच धरून उठली, मागच्या दाराची कडी काढली, परत येऊन ओतली.

आम्ही सगळे आवाज विरेपर्यंत थांबलो. कुणी कुणाकडे बघितलं नाही. मग आईनंच कोशिंबीर कालवली.

तुमच्या तिकडच्या स्वयंपाकघराला मागचं दार नाही, हे मी फोटोत पाहिलं आहे. चालेल. तरी ओतल्यावर लगेच चमचा घालू नका.