माघातली पहिली बुडी

आषाढात माझी बायको गेली आणि मी देवाला हात जोडणं सोडलं. देव्हाऱ्यात दिवा लागायचा तो मुलीच्या हातून. मी तिकडे पाठ करून चहा प्यायचो. चार दिवसांच्या तापात चालतंबोलतं माणूस उचलून नेणाऱ्याशी माझं काय बोलणं उरलं होतं? पण त्याहून मोठी काळजी घरातच होती. आमची अकरा वर्षांची मुलगी आई गेल्यापासून एकदाही रडली नव्हती. वाढलेलं गुपचूप जेवायची, शाळेत जायची, विचारलं तर मान हलवायची. नातेवाईक म्हणायचे, पोर किती समजूतदार! मला त्या समजूतदारपणाची भीती वाटायची.

बायकोचं माहेर चाकणच्या पुढे, भामा नदीच्या काठी. माघ लागला की दर रविवारी कासारवाडीहून पहिल्या बसने ती आम्हाला तिथे न्यायची. माघस्नान हे नाव, पण खरं तर ती पोहायला आसुसलेली असायची. पाठीला सुका भोपळा बांधून तिने मुलीला सहाव्या वर्षीच पोहायला शिकवलं. मी लातूरकडचा, टँकरच्या पाण्यावर वाढलेला. घाटाच्या पायरीवर घोटाभर पाण्यात पाय सोडून बसायचो आणि मायलेकींची थट्टा ऐकून घ्यायचो. पहिल्या बुडीला दोघी किंचाळायच्या, मग त्यांना बाहेर काढता काढता नाकी नऊ यायचे. अंग लालबुंद, दात वाजतायत, आणि पोटात अशी भूक की चुलीपुढे पिठलं-भाकरी किती संपली याचा पत्ता लागू नये. हिवाळाभर लेकीला साधी शिंकही यायची नाही. आठवडाभराची भांडणंसुद्धा त्या पाण्यात विरघळायची. सुख म्हणजे काय, ते मला तिथे बसून कळायचं.

यंदा माघ लागला तेव्हा लेकीने हळूच विचारलं, "पप्पा, नदीला जायचं?" मी म्हणालो, "नाही बाळा, यंदा आपल्याला सण नाही." वर्ष सरेपर्यंत घरात गोडधोड नाही, संक्रांतीचा तिळगूळ नाही, तसंच हेही, असं मी धरून चाललो. तिने मान हलवली. त्यानंतर तिचं होतं नव्हतं ते बोलणंही बंद झालं.

कंपनीतल्या एका मित्राने चाकणच्या एका डॉक्टरांचं नाव सुचवलं. एका रविवारी सकाळी तिला घेऊन निघालो. मोशीला एक म्हातारी बसमध्ये चढली आणि मुलीशेजारी बसली. केस ओले, मांडीवर पिळलेल्या लुगड्याचं बोचकं. थोड्या वेळाने पाहतो तर लेकीने त्या ओल्या लुगड्यावर तळहात ठेवला होता.

"पाणी लई गार होतं का?" तिने विचारलं. तीन आठवड्यांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"गार नसंल तर माघ कसला, बाय? तू न्हाई गेलीस?"

लेकीने हात मागे घेतला, म्हणून मीच सांगितलं. हिची आई गेली, यंदा सण नाही. म्हातारीने माझ्याकडे असं पाहिलं, की कंपनीत फोरमनसुद्धा तसं कधी पाहत नाही.

"सण न्हाई करायचा, व्हय. पर न्हाणं म्या कवा सण म्हनून ऐकलं न्हाई. आरं, गेलेल्या मान्साच्या नावानं तर पयली बुडी मारत्यात! तू पोरीला पान्यापासनंच तोडलंस?"

पुढच्या थांब्यावर ती उतरली. नाव विचारायचं राहून गेलं. चाकणला आम्ही डॉक्टरांकडे वळलोच नाही, तसेच पुढे गेलो.

मेव्हणा घाटावरच भेटला. काही न विचारता म्हणाला, "दाजी, चार रविवार वाट बघितली." लेक पायरीवर क्षणभर उभी राहिली, नाक धरलं आणि आत गेली. वर आली ती मोठ्याने "आई गं" म्हणत. एकदा, दोनदा, मग थांबेचना. ते थंडीने किंचाळणं नव्हतं. सात महिन्यांचं रडं बाहेर येत होतं. मी कपड्यांसकट पाण्यात उतरलो. छातीपर्यंत गारठा भिनला, श्वास अडकला, एका हाताने पायरी घट्ट धरून दुसरा तिच्याकडे पसरला. तो तिच्यापर्यंत पोहोचेना. मेव्हणा पाण्यात उतरून तिच्या शेजारीच होता, पण मला तिच्याशिवाय काही दिसत नव्हतं.

हुंदके देतच ती जवळ आली. म्हणाली, "पप्पा, पायरी सोडा. मी धरते ना."

मी पायरी सोडली. पायाखाली काही नव्हतं आणि तरी मी बुडालो नाही. आषाढापासून ज्याच्याकडे पाठ केली होती त्याचं नाव आपोआप तोंडात आलं, आणि मीही तिच्यासारखाच ओक्साबोक्शी रडलो.

ती म्हातारी कोण होती, ते मी शोधलं नाही. बायको परत आलेली नाही, येणार नाही. त्याचा हिशेब मी देवाला विचारणं सोडून दिलंय. आपण ज्याला घट्ट धरून बसतो त्यानेच कधी कधी आपला हात अडकतो, एवढंच मला कळलं. माघ संपला तरी आम्ही रविवारी नदीला जातो. परतताना लेकीचे डोळे लाल असतात. पाण्याने की रडण्याने, मी विचारत नाही. संध्याकाळी दिवा लावून हात जोडतो, ते आधी त्या लाल डोळ्यांसाठी.