कुकरची शिट्टी

तास संपला, तरी हातातला खडू अख्खाच होता. उत्कलनाचा धडा मी स्वयंपाकघरात मोबाइलवर रेकॉर्ड करून नववीच्या मुलांना आदल्या दिवशीच पाठवला होता. वर्गात फक्त प्रश्न घ्यायचे होते. कुणी काही विचारलंच नाही तर? त्या धास्तीतच वर्गात शिरले, तोच सानिका उठली.

"बाई, पाणी शंभर अंशांना उकळतं असं तुम्ही म्हणालात आणि मागे कुकरची शिट्टी झाली. मग कुकरमधलं पाणी किती अंशांना उकळतं?"

"आणि डोंगरावरचं?" मागून कुणीतरी ओरडलं. मग नुसता कल्ला!

आजवर माझं शिकवणं मुलांच्या वह्यांत उतरायचं. आज ते त्यांच्या घरी राहून, मुरून, प्रश्न होऊन माझ्याकडे परत आलं.

आणि ती शिट्टी मी व्हिडिओतून काढून टाकणार होते!